मागावरची पैठणी आणि विम्याच्या अटी

नाशिक जिल्ह्यातील येवल्यात पैठणी विणणारी अनेक कुटुंबे ज्या घरात राहतात, तिथेच त्यांचा माग असतो. रेशमाच्या लडी, जरीची रिळे, अर्धवट विणलेली साडी आणि घडी घालून ठेवलेला तयार माल हे सारे एका छपराखाली असते. पदरावरची मोर, मुनिया (पोपट) आणि असावली (फुलांची वेल) यांची नक्षी जितकी दाट, तितका वेळ अधिक; भरजरी साडी कित्येक महिने मागावरून उतरत नाही. २०१० साली मिळालेल्या भौगोलिक मानांकनाने पैठणी या नावाला संरक्षण लाभले. कपाटातली साडी चोरीला गेली, तर त्याचा उपयोग नाही.

घरगुती विम्यात धंद्याचा माल सहसा धरला जात नाही. सूक्ष्म उद्योगांसाठी १ एप्रिल २०२१ पासून ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ ही पॉलिसी उपलब्ध आहे. एका ठिकाणची ५ कोटी रुपयांपर्यंतची मालमत्ता तिच्या कक्षेत येते आणि आग, पूर, वादळ यांपासून संरक्षण मिळते. त्यात चोरीची भरपाई मात्र अशा आपत्तीमुळे, तिच्यानंतरच्या ७ दिवसांत झालेल्या चोरीपुरतीच आहे. एरवीच्या चोरीसाठी घरफोडीचा विमा वेगळा घ्यावा लागतो.

या विम्याची मुख्य अट विणकराने सही करण्यापूर्वीच समजून घ्यावी. कुलूप तोडून किंवा बळाचा वापर करून चोरी झाली असेल, तरच भरपाई मिळते, आणि पॉलिसीत तसे लिहिलेले असेल तर बळाचा वापर सिद्ध व्हायलाच हवा, असे सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये स्पष्ट केले आहे. म्हणजे प्रदर्शनात चार साड्या उलगडून दाखवत असताना गर्दीतल्या कोणी पाचवी उचलून नेली, तर घरफोडीचा नेहमीचा विमा कामी येत नाही. प्रदर्शनाची जागा आणि तिथवरचा प्रवास यांसाठी वेगळे संरक्षण लेखी मागून घ्यावे लागते. आमच्या मते कारागिराला सर्वांत मोठा धोका इथेच आहे, कारण त्याचा सर्वांत मौल्यवान माल नेमका त्याच दिवसांत घराबाहेर असतो.

हप्ता वाचवण्यासाठी मालाची किंमत कमी लिहिण्याची सवयही महागात पडते. ४ लाखांच्या मालाचा विमा २ लाखांचाच असेल आणि १ लाखाचा माल गेला, तर प्रमाणशीर कपात होऊन हाती साधारण ५० हजारच येतात. म्हणून रेशीम-जरीची बिले, मजुरीची नोंदवही आणि प्रत्येक पदराचे तारखेसह छायाचित्र घराबाहेरही जपून ठेवावे. चोरीचा माल सापडला, तर साडी आपलीच असल्याचे पोलिसांना आणि न्यायालयाला पटवून देण्यासाठीही हीच कागदपत्रे लागतात.

व्यापाऱ्याच्या रेशमावर मजुरीने विणणाऱ्याची स्थिती अधिक नाजूक असते, कारण मागावरचा माल त्याच्या ताब्यात असला तरी मालकीचा नसतो. अशा मालाचा पॉलिसीत स्वतंत्र उल्लेख करून घ्यावा, आणि साडी चोरीला गेल्यास विणून झालेल्या भागाची मजुरी कोणी द्यायची, हे रेशीम घेतानाच व्यापाऱ्याकडून लिहून घ्यावे.