छायाचित्राखालचे नाव आणि त्यामागची परवानगी

(ठाण्यातील गृहनिर्माण संस्थांच्या व मंडळांच्या पदाधिकाऱ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

आपल्या पोस्टमध्ये छायाचित्राखाली ‘सौजन्य : गूगल’ किंवा ‘साभार : इंटरनेट’ असे लिहिण्याची पद्धत इतकी रुळली आहे की, ते लिहिले म्हणजे आपली जबाबदारी संपली असे अनेकांना प्रामाणिकपणे वाटते. गूगल छायाचित्र फक्त शोधून देते. कॉपीराइट अधिनियम, १९५७ नुसार छायाचित्राचा कर्ता म्हणजे ते काढणारी व्यक्ती, आणि तिचा हक्क कोणत्याही नोंदणीवाचून निर्माण होतो.

या कायद्यात दोन गोष्टी वेगवेगळ्या आहेत. प्रत काढण्याची आणि ती लोकांपुढे ठेवण्याची परवानगी देणे हा कॉपीराइटच्या मालकाचा हक्क; आपले नाव लावून घेणे हा कलम ५७ नुसार कर्त्याचा हक्क. त्यामुळे नुसते नाव छापून परवानगीची उणीव भरून निघत नाही. गणेशोत्सवासाठी मंडळाने पैसे देऊन छायाचित्रकार नेमला आणि वेगळा करार केला नाही, तर त्या छायाचित्रांचा कॉपीराइट सामान्यतः मंडळाकडे येतो; तरीही कर्ता म्हणून नाव छायाचित्रकाराचेच राहते.

ठाणे खाडीत फ्लेमिंगो उतरले की त्यांची छायाचित्रे प्रत्येक संस्थेच्या गटावर फिरू लागतात. कोणीतरी भरतीची वेळ साधून ऐरोलीहून बोटीने जाऊन ते छायाचित्र काढलेले असते आणि उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत आपले नाव घातलेले असते. आपण शुभेच्छापत्र चौकोनी करताना नेमका तोच कोपरा कापतो आणि तिथे संस्थेचे बोधचिन्ह बसवतो. २०१२ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ६५ब नुसार, अशी हक्कविषयक माहिती जाणूनबुजून व अधिकार नसताना काढून टाकणे हा दोन वर्षांपर्यंतच्या कैदेस पात्र गुन्हा आहे. ‘आम्ही यातून कुठे पैसे कमावतो?’ हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. परंतु परवानगीवाचून वापरण्याची कलम ५२ मधली सवलत खाजगी वापर, समीक्षा, चालू घडामोडींचे वृत्त अशा ठरावीक कारणांसाठी आहे, आणि सर्वांना खुले असलेले पान खाजगी म्हणता येत नाही.

जुन्या ठाण्याच्या छायाचित्रांचे गणित २०१२ च्या दुरुस्तीने बदलले आहे : आता छायाचित्रकाराच्या निधनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे. १९६२ साली निधन झालेल्या छायाचित्रकाराने हयातीत प्रकाशित केलेले छायाचित्र १ जानेवारी २०२३ पासून मुक्त आहे.

विकिमीडिया कॉमन्स या छायाचित्रांच्या खुल्या संग्रहावर परवानगी बहुधा आधीच दिलेली असते, पण अटींसह. क्रिएटिव्ह कॉमन्स या तयार परवान्यांच्या संचातील ‘बाय’ (BY, म्हणजे श्रेय देणे) परवान्यात कर्त्याचे नाव, मूळ दुवा, परवान्याचा उल्लेख आणि बदल केला असल्यास तसे नमूद करणे अपेक्षित असते. ‘एनसी’ असेल तर व्यावसायिक वापर नाही, ‘एनडी’ असेल तर बदललेली प्रत पुढे पाठवता येत नाही. हे सारे छायाचित्राखालच्या एका ओळीत मावते.

मालक सापडत नसेल, तर ते छायाचित्र सोडून द्यावे. मासुंदा तलावाचे किंवा उपवनचे छायाचित्र एखाद्या सभासदाच्या फोनमध्ये असतेच. मात्र त्यालाही विचारावे, आणि त्याचेही नाव घालावे.