आधी हात टेकतो

(एका व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. विषय फलकावर आहेच : मोटारसायकलस्वारांना संरक्षक कपड्यांची सक्ती असावी का? उत्तर आधीच सांगून टाकतो, म्हणजे मधेच कुणाला उठावं लागलं तरी चुटपुट नको. सक्ती हवी, पण डोक्यापासून पायापर्यंत एकदम नको. हेल्मेटनंतर हातमोजे, त्यानंतर घोटा झाकणारे बूट. जॅकेट आणि पँट ज्याच्या त्याच्यावर सोडावी. असं का, ते सांगायला मला पाऊण तास मिळालाय.

एक विचारतो. इथे गाडी चालवणारे किती? हात वर करा. बरेच आहेत. आता ज्यांच्या डिकीत, बॅगेत, कुठेही हातमोजे आहेत, त्यांनीच हात वर ठेवा. (हशा) तीन. त्यातले शेवटच्या रांगेतले तुम्ही, खरं सांगा, ते थंडीचे लोकरीचे आहेत ना? (हशा) मग दोन.

मी शिवणकाम करतो. तीस वर्षं टीप मारतोय. त्यामुळे या विषयाकडे मी डॉक्टरच्या नाही, पोलिसाच्याही नाही, शिंप्याच्या नजरेने बघतो.

अकरा वर्षांपूर्वी मी पडलो. वेग चाळीसच्या आसपास असेल. वळणावर बारीक खडी पसरलेली होती, पुढचं चाक सटकलं. डोक्यावर हेल्मेट होतं, त्यावर ओरखडासुद्धा उठला नाही, कारण डोकं जमिनीपर्यंत पोचलंच नाही. दोन्ही तळवे आधी पोचले आणि त्यांच्यावरच मी काही मीटर घसरत गेलो. उठून उभा राहिलो तेव्हा दुखत नव्हतं. गाडी उचलायला गेलो, तर हँडलची मूठ ओली लागली. वाटलं, तेल सांडलं. मग हात उलटा करून बघितला.

दवाखान्यात परिचारिकेने तळवा सलाइनच्या धारेखाली धरला आणि ब्रशने घासायला घेतला. हो, ब्रशने. रुतलेली कच निघाली नाही, तर कातडी तिच्यावरूनच भरून येते आणि आत गोंदल्यासारखा निळा ठिपका कायमचा राहतो. माझा एक राहिलाच. हा बघा, अंगठ्याच्या खाली. पुढच्या रांगेला दिसेल.

त्यानंतरचे सहा आठवडे. नळ फिरवता येईना. कंगवा धरता येईना. लोकांच्या शर्टांना मी हजारो काजं केली असतील, पण स्वतःच्या शर्टाचं बटण लावता येईना. पायजम्याची नाडी माझा मोठा भाऊ बांधायचा. चाळिशीतल्या धाकट्या भावाची नाडी बांधताना तो एक अक्षर बोलायचा नाही, खाली बघून गाठ मारायचा आणि निघून जायचा. ते मला जखमेपेक्षा जास्त लागायचं. आणि दुकान बंद. सुई धरायला अंगठा आणि तर्जनी लागते, कातर चालवायला सगळा पंजा लागतो. 'हातावर पोट' हा शब्द आपण सहज वापरतो, तो मला त्या सहा आठवड्यांत कळला.

हात आपल्या भाषेत जागोजागी आहे. 'हात टेकले' म्हणजे हरलो. पण पडणारा माणूस हरला म्हणून हात टेकत नाही, वाचण्यासाठी टेकतो. 'टेकू नको' म्हणून सांगितलं तरी ते ऐकू जाण्याआधी हात टेकलेला असतो. रांगणारं मूल हेच करतं, कसलेला स्वारही हेच करतो. माझ्या म्हणण्याचा सगळा पाया हा आहे. खांदा वाचेल, गुडघा वाचेल, ते कसं पडलात यावर असतं. हात मात्र आपण स्वतः पुढे करतो.

आता हातमोज्यांची कथा. बरा झाल्यावर पहिलं काम केलं ते मोजे घेतले. दुकानदार म्हणाला, खास मोटारसायकलचे आहेत. बोटांच्या पेरांवर कडक काळं प्लास्टिक, दिसायला एकदम भारदस्त. दीड वर्षाने ओल्या रस्त्यावर गाडी जवळजवळ उभी असताना कलंडली, मी हात टेकला, आणि करंगळीच्या बाजूची शिवण टराटर उसवली. कातडं शाबूत, शिवण गेली. मला तेव्हा जो राग आला तो अजून उतरलेला नाही. दुकानाचं नाव घेत नाही, कारण दोष एका दुकानाचा नाही.

घरी येऊन तो मोजा टाका-टाका उसवला. तोच हा. पुढे फिरवा, हाताळा. साधा सुती दोरा, एकेरी टीप, शिवणीसाठी सोडलेलं कातडं दोन मिलिमीटरही नाही. आणि टाके इतके जवळजवळ की भोकांची रांगच तयार झालीय, टपालाच्या तिकिटाच्या कडेसारखी. कापडाला बारीक टाका घातला की शिवण पक्की होते. कातड्याचं उलटं आहे. कातड्यात सुईने पाडलेलं भोक बुजत नाही, त्यामुळे टाके दाट झाले की फाटायची रेघ आपणच आखून देतो. हे पहिल्या वर्षाच्या शिकाऊ कारागिराला माहीत असतं.

आता हा दुसरा बघा. यालाही कातर लावलीय, पण उसवायला अर्धा तास गेला. तळव्यावर कातड्याचा दुसरा थर आहे. तिथल्या शिवणी आत वळवलेल्या आहेत, म्हणजे रस्त्याला आधी दोरा लागत नाही, कातडं लागतं. दोरा नायलॉनचा, टिपा दोन. मनगटाला पट्टा आहे, कारण घसरताना मोजा निघून गेला तर तो असून नसल्यासारखाच. आणि तळव्याच्या बुडाशी हा गुळगुळीत कडक तुकडा. हा शोभेचा नाही. इथेच खाली मनगटात एक छोटं, नावेच्या आकाराचं हाड असतं, स्कॅफॉइड. पसरलेल्या हातावर पडलं की हे मोडू शकतं. त्याचा रक्तपुरवठा मुख्यतः बोटांकडच्या टोकाने शिरतो आणि मागे येतो. मधे मोडलं तर मागचा तुकडा रक्तावाचून मरू शकतो. तळवा रस्त्याला चिकटला की सगळा जोर मनगटात शिरतो, घसरला तर कमी शिरतो. त्यासाठी हा तुकडा.

घसरण्यावरून आठवलं. ताशी ५० किलोमीटर वेगात पडलेला माणूस थांबेपर्यंत साधारण १५-१६ मीटर जातो. वेळ लागतो दोन सेकंदांहून थोडा जास्त. मोजायला थोडा, पण रस्ता म्हणजे पॉलिश पेपर समजा आणि कातडी मिलिमीटर-दोन मिलिमीटरची. युरोपातल्या हातमोज्यांच्या मानकात, ईएन १३५९४ मध्ये, तळव्याचं कातडं घासपट्ट्यावर किमान ४ सेकंद टिकावं लागतं, वरच्या पातळीला ८ सेकंद. शिवणीची ताकद वेगळी तपासतात. शिवण वेगळी तपासतात हे वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं.

आणखी एक सांगतो, मग मूळ विषय. 'अरबस्तानचा लॉरेन्स' म्हणून प्रसिद्ध असलेला ब्रिटिश लष्करी अधिकारी आणि लेखक टी. ई. लॉरेन्स मे १९३५ मध्ये मोटारसायकलवरून जाताना सायकलवरच्या दोन मुलांना चुकवायला गेला, पडला आणि सहा दिवसांनी वारला. डोक्यावर काही नव्हतं. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स हे मेंदूचे शल्यविशारद होते. त्यांनी पुढे हेल्मेटवर अभ्यास केला, १९४१ मध्ये तो छापून आला. ब्रिटनमध्ये सर्वांना हेल्मेटची सक्ती कधी झाली? १९७३. डोक्यासारख्या डोक्याला ३८ वर्षं थांबावं लागलं...

चिठ्ठी आलीय. सात मिनिटं. पाऊण तास संपत आला म्हणतात. ठीक आहे, भराभर सांगतो.

पहिलं, कपड्यांचा उपयोग होतो का? होतो, पण कशासाठी ते नीट समजून घ्या. ऑस्ट्रेलियात लिझ डी रोम आणि सहकाऱ्यांनी अपघात झालेल्या २१२ स्वारांचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध केला. संरक्षक जॅकेट, पँट, मोजे घातलेल्यांना रुग्णालयात दाखल व्हावं लागण्याचं प्रमाण कमी होतं. कातडी आणि मांस वाचतं, मोठी हाडं वाचतीलच असं नाही. आणि त्याच अभ्यासात अपघातात सापडलेल्या मोज्यांपैकी सुमारे पाव हिस्सा फाटले-उसवले होते, जॅकेटं त्याहून जास्त. म्हणून नुसतं 'मोजे घाला' म्हणणारा कायदा अर्धवट. प्रमाणित मोजे घाला, असं म्हणायला हवं. फ्रान्सने नोव्हेंबर २०१६ पासून चालक आणि मागे बसणारा दोघांनाही हातमोजे सक्तीचे केले, तेही सीई खुणेचे, म्हणजे युरोपच्या नियमांत बसत असल्याची खूण असलेले. बेल्जियमने २०११ मध्येच मोजे, लांब बाह्यांचं जॅकेट, लांब पँट, घोटा झाकणारे बूट, सगळंच सक्तीचं केलं. मी फ्रान्सच्या बाजूचा.

का? उकाडा. घाम वाळला नाही की शरीर थंड होत नाही, आणि उकडून बेजार झालेला स्वार सावध राहत नाही. पूर्ण पोशाखाची सक्ती कडक उन्हात पाळली जाणार नाही, आणि न पाळला जाणारा नियम हेल्मेटच्या नियमालाही ढिला करतो. दोन्ही पंजे मिळून शरीराच्या कातडीचा जेमतेम ५ टक्के भाग. तेवढं झाकून कुणी उकाड्याने कोसळत नाही.

खर्च. बरोबर आहे, ज्याचं पोट गाडीवर आहे त्याला तो जड जातो. म्हणून सक्ती आधी विकणाऱ्यावर करा. नवी गाडी प्रमाणित मोज्यांच्या जोडीशिवाय विकायची नाही. आणि दंड घ्यायचाच तर मोज्याच्या किमतीइतका घ्या आणि जोडी तिथल्या तिथे हातात द्या.

'माझी कातडी, माझा प्रश्न' म्हणणारे आहेत. मीही म्हणायचो. माझी नाडी सहा आठवडे भावाने बांधली, तो प्रश्न माझ्या एकट्याचा कुठे होता?

जॅकेट-पँटचं काय? सक्ती नको, पण माहिती हवी. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये २०१८ पासून मोटोकॅप नावाची योजना आहे. बाजारातून कपडे घेऊन तपासतात, तारे देतात, निकाल सगळ्यांना खुला. तेवढं झालं तरी माणूस डोळे उघडे ठेवून घेईल. बुटांबद्दल बोलायला वेळ उरला नाही, ते पुन्हा कधीतरी.

दोन्ही मोजे पुढच्या टेबलावर ठेवतो. तळव्यावर दुहेरी कातडं आहे तो चांगला, सुती दोऱ्याचा आहे तो वाईट. शिवण उलटी करून बघा, आत बोट घालून ताणून बघा. ज्या दोघांकडे स्वतःचे मोजे आहेत त्यांनी थांबा, तुमचेही बघू.