आधी बुडापासून तोड, मग कुंपण

इंग्लंडमध्ये शेतांच्या कडेने आडवी विणलेली जिवंत कुंपणे असतात: झुडपांची खोडे बुडाशी जवळजवळ आरपार चिरून आडवी पाडायची आणि खुंट्यांमध्ये विणायची, म्हणजे ती जिवंत राहून कुंपण होतात. माझा आग्रह त्यांच्या आधीच्या कामाविषयी आहे. हेझल या बुडातून अनेक खोडे फुटणाऱ्या झुडपाची रांग जुनी, उंच आणि बुडाशी उघडी पडलेली असेल, तर ती थेट आडवी पाडू नये. हिवाळ्यात ती जमिनीलगत तोडावी आणि नवे फुटवे वाढेपर्यंत पाच-सात वर्षे थांबावे. जुने जाड खोड वाकवताना मोडते, आणि नाही मोडले तरी त्याच्या बुडाशी फांद्या नसल्यामुळे मेंढी खुशाल पलीकडे जाते.

तोडल्याने हेझल मरत नाही, हे पटवून देण्यातच माझी निम्मी शक्ती खर्च होते. इंग्लंडच्या सफक परगण्यातल्या ब्रॅडफिल्ड वुड्स या रानात एकेक भाग आळीपाळीने बुडापासून तोडण्याचे काम 1252 पासून चालू आहे आणि ते रान आजही भरगच्च आहे. साग तोडल्यावर खुंटाला फुटवे येतात हे आपल्याकडे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना यात नवल वाटू नये.

इंग्लंडच्याच हेरफर्डशर परगण्यात मी सांभाळत असलेल्या रांगेची हकीकत मात्र सविस्तर सांगितली पाहिजे. फेब्रुवारीत मी ती तोडली, हरणांनी कोंब खाऊ नयेत म्हणून खुंटांवर काटक्यांचे ढीग रचले, आणि जुलैपर्यंत फुटवे माझ्या छातीला लागले. दुसऱ्या वर्षी सप्टेंबरात, रस्त्याकडेची झुडपे कापण्याचे काम घेतलेल्या एका ठेकेदाराने ट्रॅक्टरला जोडलेल्या यंत्राने ते सगळे कमरेच्या उंचीवर सपाट केले. कडा नीटनेटकी दिसावी, एवढाच त्याचा हेतू होता. पण शेंडा गेला की फुटवा सरळ वाढत नाही. त्याला बाजूने बारीक फांद्यांचे झुबके फुटतात, आणि विणायला हवी ती लांब, लवचिक काठी मिळत नाही. मला पुढच्या हिवाळ्यात सगळी रांग पुन्हा बुडापासून तोडावी लागली. त्या दोन वर्षांचा राग माझ्या मनातून गेलेला नाही, कारण हीच चूक दरवर्षी मैलोन्मैल होते आणि तिला निगा म्हटले जाते.

आता प्रत्यक्ष विणकामाविषयी थोडक्यात सांगतो. फुटवे अडीच-तीन मीटरचे झाले की पक्षी घरटी बांधू लागण्याच्या आत, म्हणजे ऑक्टोबर ते फेब्रुवारीदरम्यान, प्रत्येक निवडक खोडाला बुडाशी कोयत्याने वरून खाली तिरका घाव घालावा. खोड जवळजवळ आरपार चिरावे, पण साल आणि तिच्या आतले थोडे जिवंत लाकूड पट्टीसारखे जोडलेले ठेवावे, कारण त्या पट्टीतूनच आडव्या खोडाला रस मिळतो. उतार असेल तर खोड चढाच्या दिशेने कलते ठेवावे. साधारण 45 सेंटिमीटरवर एकेक खुंटी ठोकावी आणि खुंट्यांच्या माथ्यावरून लांब काठ्यांची वेणी घालावी. उरलेला खुंट तिरका तासावा, म्हणजे पाणी साचत नाही आणि नवे फुटवे जमिनीलगत येतात. जिथे खिंडार असेल तिथे शेजारचा एक फुटवा वाकवून मातीत पुरावा व आकड्याने दाबून ठेवावा. तो मुळे धरतो. खुंट्या आणि वेणीच्या काठ्या बाहेरून आणाव्या लागत नाहीत, कारण विरळणी करताना त्याच खुंटांवरचे जे फुटवे काढावे लागतात, त्यांतूनच त्या निघतात.