पहिल्या गाडीचा प्रीमियम

(महाविद्यालयीन विद्यार्थ्यांपुढे केलेल्या भाषणाचा संपादित भाग)

लंडनला शिकायला गेलेला मावसभाऊ सांगतो की तिथं विशीतल्या पोराला गाडीचा विमा परवडत नाही. खरंय त्याचं. ब्रिटनमध्ये चालकाचं वय फार मोजलं जातं. आपल्याकडे विमा मुख्यतः गाडी बघून ठरतो: मॉडेल, इंजिन, गाडी किती जुनी, नोंदणी कुठली. पुणे-मुंबई 'अ' झोनमध्ये, सातारा 'ब' झोनमध्ये, आणि 'ब' थोडा स्वस्त. पण म्हणून गाडी मामाच्या साताऱ्याच्या पत्त्यावर घ्यायची अक्कल चालवू नका, क्लेमच्या वेळी ती अंगाशी येते.

पॉलिसीचा कागद उघडलात की दोन भाग दिसतात. पहिला थर्ड पार्टी, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्या कुणाचं नुकसान झालं तर त्याच्या भरपाईचा. तो कायद्यानं सक्तीचा, आणि त्याचा दर केंद्र सरकार ठरवतं. जून २०२२ मध्ये हजार सीसीपर्यंतच्या कारला २,०९४ आणि हजार ते दीड हजार सीसीला ३,४१६ रुपये ठरले. एजंट कितीही ओळखीचा असला तरी तिथं घासाघीस नाही. दुसरा भाग ओन डॅमेज, म्हणजे आपल्या गाडीच्या नुकसानीचा. जी काही बचत व्हायची ती इथं.

या भागात सगळ्यात मोठी सूट नो क्लेम बोनसची. क्लेम न करता एक वर्ष गेलं की २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि पाचव्या वर्षानंतर ५०. एक क्लेम केला की पुन्हा शून्य.

आता सोसायटीच्या गेटच्या खांबाला बंपर घासला, तडकला. गॅरेजवाला म्हणतो, "साहेब, क्लेम टाकू या ना, तुमच्या खिशातून काही जात नाही." नवा बंपर ८,००० रुपयांचा धरा. बंपर प्लास्टिकचा, त्यामुळे झीरो डेप, म्हणजे घसारा न कापणारं जादा कव्हर, नसेल तर किमतीतले निम्मे घसाऱ्यात गेले. वर सक्तीची वजावट, म्हणजे क्लेममधला आपण सोसायचा वाटा, १,०००. हातात ३,०००. तुमचा ओन डॅमेज प्रीमियम सूट धरण्याआधी १०,००० आहे आणि सध्या ३५ टक्के सूट मिळते, असं समजा. पुढच्या वर्षी ४५ टक्के मिळायची, ती गेली: ४,५०० रुपये. त्याच्या पुढच्या वर्षी ५० ऐवजी २०: आणखी ३,०००. तीन हजारांसाठी साडेसात हजार! गॅरेजवाल्याचं बिल मात्र लगेच निघतं, म्हणून त्याला घाई. गाडी खरंच चेपली असेल तर क्लेम जरूर करा, त्यासाठीच तर पैसे भरतो.

हा बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. जुनी गाडी घेतलीत तर आधीच्या मालकाचा बोनस तुम्हाला मिळत नाही. पॉलिसीवर तसाच राहू दिलात तर क्लेमच्या वेळी सर्व्हेअर, म्हणजे नुकसान तपासायला आलेला माणूस, नेमका तोच कागद काढतो. वडील हयात असताना त्यांचा बोनसही मुलाच्या नावावर येत नाही. म्हणून गाडी तुमची असेल तर पहिल्या दिवसापासून पॉलिसी तुमच्याच नावावर असू द्या.

दुचाकी आहे ना तुमच्यापैकी बऱ्याच जणांकडे? तिच्यासोबत मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा घेतलेला असेल, तर कारसाठी तो पुन्हा घ्यायची गरज नाही. एजंट आपणहून हे सांगेलच असं नाही. तुम्ही होस्टेलवर आणि गाडी घरी उभी असेल, तर जितके किलोमीटर तितका प्रीमियम, असं कव्हर विचारा. २०२२ पासून त्याला परवानगी आहे. ऐच्छिक वजावट वाढवूनही प्रीमियम उतरतो, पण तेवढी रक्कम खिशात असेल तरच.

आयडीव्ही, म्हणजे पॉलिसीत धरलेली गाडीची किंमत, पाडून प्रीमियम कमी करून देणारे भेटतील. गाडी चोरीला गेली की त्या पाडलेल्या आकड्याइतकेच पैसे मिळतात.

मागून कुणीतरी विचारलं, नूतनीकरण राहून गेलं तर? मुदत संपल्यापासून ९० दिवसांत केलं तर बोनस टिकतो. पण त्या मधल्या दिवसांत गाडी रस्त्यावर काढू नका, कारण तेव्हा थर्ड पार्टीसुद्धा नसतो. पहिल्यांदा पकडलं तर दंड २,००० रुपये, आणि कुणाला धडक बसली तर भरपाई घरातून.