ट्रकवरून आलेलं पुष्पक

[दृश्य : फोंडाघाट, सकाळ. ट्रक उतरतो आहे.]

वर चढणारी एसटी वळणावरच थांबली आहे. ड्रायव्हरने मान बाहेर काढली आहे आणि आतली सगळी मंडळी एकाच बाजूच्या खिडक्यांवर लोटली आहेत. समोरून विमान येतंय. पंख काढलेले, नाकावर गोणपाट, शेपटीला लाल फडकं.

निघालंय कोल्हापूरहून, जायचंय सिंधुदुर्गातल्या चिपीला. परुळ्याच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, हौशी वैमानिकांचा छोटा मेळावा भरतोय. फ्लाय-इन, म्हणजे ज्याने त्याने आपलं विमान उडवत आणायचं. कोल्हापूर ते चिपी सरळ रेषेत जेमतेम ११० किलोमीटर. या विमानालाही तासाच्या आतच. पण उडायचे कागद नाहीत, म्हणून दाजीपूर, फोंडा, कणकवली, कुडाळ.

[दृश्य : जुनी छायाचित्रं. मग शेडमधला सांगाडा.]

हे पुष्पक. बंगळुरूच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टचं, दोन माणसांचं, शिकाऊ वैमानिकांसाठी बांधलेलं. पहिलं उड्डाण २८ सप्टेंबर १९५८. पुढे दीडशेच्या आसपास बांधली गेली आणि देशभरातल्या फ्लाइंग क्लबांमध्ये वाटली गेली. नंतर मोठमोठी प्रवासी विमानं चालवणाऱ्या कितीतरी जणांनी पहिला गचका खाल्ला तो अशाच विमानात.

बांधणीवर एरॉन्का चीफ या छोट्या अमेरिकन विमानाची छाप आहे, ते लपवायचं कारण नाही. पण ज्या माणसाच्या देखरेखीखाली ते उभं राहिलं, त्यांचं नाव इथे थांबून घ्यायला हवं. डॉ. विष्णू माधव घाटगे. जन्म १९०८, कोल्हापूर जिल्हा. जर्मनीत ग्योटिंगेनला लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली हवेच्या गतिशास्त्रात डॉक्टरेट. पुढे बंगळुरू. १९५१ मध्ये एचटी-२ उडालं. इथे आखलं गेलेलं आणि इथेच कारखान्यातून ओळीने बाहेर पडलेलं ते पहिलं विमान, घाटग्यांचंच. मग पुष्पक. मग १९६४ मध्ये किरण, ज्यावर सूर्यकिरण पथकाच्या कसरती आपण टीव्हीवर बघितल्या. कुस्तीगिरांची नावं पाठ असलेल्या कोल्हापुरात हे नाव विचारून बघा.

या विमानाचा सांगाडा एका बंद पडलेल्या क्लबच्या शेडमध्ये होता. पोलादी नळ्यांचा, गंज खरवडल्यावर जोड शाबूत निघाले. पंखांच्या तुळया लाकडी. एक बदलावी लागली. कापड मात्र सगळंच गेलेलं.

[दृश्य : कापड चढवणं. मूळ आवाज ठेवावा.]

कापडाकडे नीट बघा, सगळी मेहनत तिथे आहे. आधी ते पंखावर सैल ओढायचं. मग एकेका फासळीला, खालून वर, वरून खाली, लांब सुईने दोऱ्याची गाठ. गाठींमधलं अंतर ठरलेलं. मनाला येईल तसं चालत नाही, कारण हवेत वरचं कापड फासळीपासून सुटून फुगायला बघतं. त्यावर डोप, एक प्रकारचं लाखेसारखं रसायन. ते वाळताना कापड आवळतं. हात द्यायचा, वाळू द्यायचं, घासायचं, परत हात. काका बोटाने टिचकी मारतात ती ऐका. दशावतारातल्या पखवाजासारखा आवाज आला तरच पुढचा हात.

काका म्हणजे निवृत्त एएमई, विमान दुरुस्तीचे परवानाधारक इंजिनियर. पुष्पकवर हात बसलेली माणसं आता थोडी उरली आहेत. शेडमध्ये त्यांच्याबरोबर तिघं पोरं आहेत, आयटीआयची. गाठ चुकली की काका बोलत नाहीत, सरळ दोरा कापतात.

[दृश्य : पाट ते परुळे. वीजतारा, बांबू.]

घाट सोपा होता. त्रास दिला तो कुडाळनंतरच्या रस्त्याने. ट्रकच्या हौद्यावर विमान, त्यामुळे छप्पर साडेतीन मीटरवर. पुढे एक पोरगा लांब बांबू घेऊन चालतोय, तार आली की उचलून धरतोय. घराघरांतून माणसं बाहेर आली आहेत. एक आजी विचारतात, "ह्यां इमान उडतलां काय?" ट्रकवाले भाऊ म्हणतात, "आज नाही, आजी." "मगे कित्याक हाडलंत?" मग आणलंत कशाला?

तारांकडे सगळ्यांचं लक्ष, आणि फणसाच्या फांदीने उजव्या कुशीला ओरखडा काढला. वीतभर चीर. तो क्षण कॅमेऱ्यात नाही. चीर आहे.

[दृश्य : चिपी. धावपट्टीच्या कडेला जोडणी.]

चिपीचा विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ ला सुरू झाला. अडीच किलोमीटरची धावपट्टी, खाली कातळ, चहूकडे जांभ्याचा सडा. पश्चिमेला उतार संपला की समुद्रच. मेळाव्यातली दोन-चार लहान विमानं आधीच येऊन उभी आहेत, चकचकीत. आपलं येतंय पाण्याच्या टँकरमागून.

पंख चढवायला माणसं लागतात, यंत्र नाही. टोकाकडे दोघं, बुंध्याकडे दोघं, आणि काका मधे डोकं घालून. पुढच्या तुळईचा बोल्ट, मागच्या तुळईचा बोल्ट, मग खालचे तिरके आधार. पंख एका बाजूने किंचित वर धरल्याशिवाय भोकं जुळत नाहीत. "जरा वर. जरा. बस, बस." बोल्ट आत गेला. नट, त्यात पिन, पिनेची टोकं वाकवली. एलेरॉनच्या, म्हणजे पंखांच्या मागच्या कडेला हलणाऱ्या फळ्यांच्या, तारा जोडल्या, टर्नबकलने ताण दिला, ताण सुटू नये म्हणून बारीक लॉक वायर पिळली. दोन्ही पंख लागल्यावर इकडून तिकडे ३६ फूट. एवढं असूनही रिकामं वजन ४०० किलोच्या आत.

मग काकांनी एका पोराला आत बसवलं. "डावीकडे." डावा एलेरॉन वर, उजवा खाली. "उजवीकडे." उलट. ही तपासणी काका परत करायला लावतात, आणि दुसऱ्या वेळी दुसऱ्या पोराला बघायला. तारा उलट्या जोडल्या गेल्यामुळे विमानं पडली आहेत.

चिरेला ठिगळ लावायचं होतं. डोप दमट हवेत लावला की पांढरा पडतो. द्रावक उडताना पृष्ठभाग गार होतो, हवेतलं पाणी त्यावर बसतं आणि पापुद्रा कमजोर राहतो. कोकणात हे सांभाळायचं म्हणजे वेळ साधायची. पहाटे दव. दुपारनंतर खारा वारा. मधले दोन-तीन तास आपले. त्यात दातेरी कडांचं कापड कापून, चीर शिवून, वर ठिगळ बसलं. रंग जुळला नाही. राहू दे.

दुपारी वारा फिरला. वरती पंख असलेलं हलकं विमान वाऱ्याकडे तोंड करायला बघतं, बांधलं नाही तर उलटतंही. कातळात खुंट्या ठोकता येईनात. मदतीला आले ते वेंगुर्ल्याचे एक रापणकर, किनाऱ्यावरून जाळं ओढणारे मच्छीमार, मेळावा बघायला आलेले. त्यांनी जांभ्याचे चिरे रचून त्यांना दोर घेतले आणि अशी गाठ मारली की ओढ लागली की घट्ट आणि झटका दिला की मोकळी. काकांनी ती त्यांच्याकडून परत मारून घेतली.

[दृश्य : इंजिन सुरू करणं. निवेदन इथे कमी.]

या इंजिनाला स्टार्टर नाही. चार सिलिंडरचं कॉन्टिनेंटल, ९० अश्वशक्ती, हाताने फिरवायचं. चाकांना ठोकळे, शेपटी बांधलेली, आत माहीतगार माणूस. बाहेरचा जे बोलेल ते आतल्याने परत म्हणायचं.

"स्विच ऑफ." "स्विच ऑफ."

पंखा चार-सहा वेळा फिरवून मिश्रण आत ओढलं.

"कॉन्टॅक्ट." "कॉन्टॅक्ट."

हात पात्यावर सपाट, बोटं कडेवर वळवायची नाहीत. ओढायचं आणि त्याच झोकात मागे सरायचं.

[मूळ आवाज. पंखा. पोरं कानांवर हात ठेवतात.]

आता आतला माणूस एक मॅग्नेटो, म्हणजे प्लगला ठिणगी पुरवणारं यंत्र, बंद करून बघतोय. प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग, दोन वेगळे मॅग्नेटो. एक गेला तरी इंजिन चालतं, फेरे थोडे कमी होतात. किती कमी, यावर सगळं ठरतं. डावा ठीक. उजव्यावर फेरे जास्तच पडले. काकांनी हाताने गळा कापल्याची खूण केली आणि इंजिन बंद.

[दृश्य : परुळ्याच्या शाळेची मुलं, कॉकपिट.]

दुपारभर विमान मुलांच्या ताब्यात होतं. इतर विमानांना दोरी लावून अंतर राखलं होतं, इथे काकांनी दोरी काढायला लावली. पायातलं पॅडल दाबलं की मागे शेपटी हलते, हे प्रत्येकाला स्वतः करून बघायचं होतं, आणि करताना दुसऱ्याला मागे उभं करायचं होतं.

सोमवारी पंख उतरले आणि ट्रक परत घाटाला लागला. मॅग्नेटो उघडायचाय. प्रमाणपत्रासाठी तपासण्या आणि पैसा दोन्ही बाकी आहेत; पैसा जमला नाही तर ज्यांच्या ताब्यात विमान आहे ते त्याला एका कॉलेजच्या फाटकाशी चौथऱ्यावर बसवणार आहेत, इंजिन काढून. आयटीआयच्या तिघांपैकी दोघांनी काकांकडेच राहायचं ठरवलंय.