बीपी नॉर्मल आहे, मग हात गार का?

भूल देणारा डॉक्टर म्हणजे इंजेक्शन टोचून झोपवणारा, असंच बहुतेकांना वाटतं. पण झोपवायला पाच-दहा मिनिटं पुरतात हो, उरलेला सगळा वेळ आमचं लक्ष असतं ते रक्त नीट फिरतंय का यावर.

कसारा घाटात अपघात होतो, विशी-पंचविशीतला पोरगा नाशिकला आणतात, बीपी 110 आहे म्हटल्यावर नातेवाईक हुश्श करतात, आणि मी हात धरते तर तो गार, घामेजलेला, नाडी 130. तरुण शरीर हातापायाच्या रक्तवाहिन्या आवळून घेतं आणि रक्त मेंदू-हृदयाकडे वळवतं, म्हणून आकडा टिकतो, पण पोटात रक्तस्राव चालूच असतो. आकडा पडेपर्यंत थांबलो तर फार उशीर होतो.

हे कळायला बरीच वर्षं गेली. अमेरिकेतल्या जॉर्ज क्राइल या सर्जननी 1899 मध्ये शॉकवर, म्हणजे शरीराला पुरेसं रक्त पोहोचत नाही त्या अवस्थेवर, पुस्तक काढलं, कुत्र्यांवर प्रयोग करून, त्यांना वाटायचं मज्जातंतूंवर ताण येऊन शरीर थकतं. पहिल्या महायुद्धात चिरडलेल्या स्नायूंतून विष पसरतं अशी कल्पना निघाली. मग 1930 मध्ये आल्फ्रेड ब्लॅलॉक यांनी दाखवलं की जखमेच्या जागी जे रक्त आणि प्लाझ्मा झिरपून जातं, तेवढंच शॉकला पुरेसं आहे. क्राइल यांचं कारण चुकलं, तरी ऑपरेशन चालू असताना बीपी मोजलंच पाहिजे हा त्यांचा हट्ट होता, आणि त्यासाठी मला ते फार मोठे वाटतात.

आणि 2019 चा एक अभ्यास बघा, इन्फेक्शनमुळे शॉकमध्ये गेलेल्या पेशंटचा. बोटाचं टोक काचेच्या पट्टीने 10 सेकंद दाबायचं, सोडल्यावर रंग 3 सेकंदांत परत यायला हवा, एका गटाचे उपचार यावर ठरवले, दुसऱ्याचे रक्तातल्या लॅक्टेटवर, म्हणजे पेशींना ऑक्सिजन कमी पडला की वाढणाऱ्या एका आम्लावर. बोटवाल्या गटात मृत्यू थोडे कमी झाले, फरक पक्का म्हणण्याइतका नव्हता, पण सुरगाणा-पेठच्या छोट्या दवाखान्यात रात्री लॅब कुठली मिळणार, बोट तर समोर असतंच!

आता दुखण्याचं. आपल्याकडे ऑपरेशननंतर आजी-आजोबा सहन करत पडून राहतात, दुखतं म्हणून खोकत नाहीत, कफ साठतो आणि न्यूमोनिया होतो. म्हणून दुखलं की सांगायचं, औषध मागून घ्यायचं. फक्त एक ध्यानात ठेवा, ऑपरेशननंतरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत हृदयाला इजा झाली तर बहुतेकांच्या छातीत दुखतच नाही, वेदनाशामकंही चालू असतात ना, त्यामुळे वय झालेल्या किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांची ट्रोपोनिनची, म्हणजे हृदयाला इजा झाली की रक्तात वाढणाऱ्या प्रथिनाची, रक्ततपासणी करायची का, हे डॉक्टरांना विचारा.

वॉर्डात रात्री कोण थांबणार हे तुम्ही ठरवताच, त्या माणसाला एवढं सांगून ठेवा: हातपाय गार पडले, श्वास जोरात चालला, पेशंट उगाच बडबडायला लागला, किंवा लघवीच्या पिशवीत भर पडेना, 60 किलोच्या माणसाला तासाला निदान 30 मिली तरी हवी, तर बीपी किती आहे याची वाट न बघता सिस्टरला उठवायचं, पहाटेचे तीन वाजले असले तरी.