पाठमोरा सिंह: मालिकांच्या कपड्यांत दडवलेल्या खुणा

[दृश्य: सोनेरी कापड. सुई वर येते, खाली जाते. अगदी जवळून.]

निवेदन:
राजघराण्यांच्या सत्तासंघर्षाची मालिका 'गेम ऑफ थ्रोन्स', तिसरं पर्व, साल २०१३. सान्सा स्टार्कचं लग्न आहे. मनाविरुद्ध, आणि तेही वैऱ्याच्या घरात. तिच्या अंगावर सोनेरी झगा आहे आणि त्या झग्याला वेढे घालत गेलेली भरतकामाची एक पट्टी. वेशभूषाकार होत्या मिशेल क्लॅप्टन. भरतकाम केलं मिशेल कॅराघर यांनी, हातानं.

त्या पट्टीवर सान्साचं आयुष्य भरलंय. सुरुवातीला मासा आणि लांडगा एकमेकांत गुंतलेले दिसतात. मासा ही आईच्या माहेरची, टली घराण्याची खूण. लांडगा वडिलांचा, स्टार्कांचा. पट्टी अंगाभोवती फिरत वर सरकते, तसा त्यात सिंह शिरतो. वैऱ्यांचा, म्हणजे लॅनिस्टर घराण्याचा सिंह. हळूहळू तो लांडग्यावर कुरघोडी करायला लागतो. मानेच्या मागे पट्टी संपते, आणि तिथे सिंहच उरतो, शिक्का मारल्यासारखा.

ती जागा पाहा. आपली मान मागून आपल्याला कधी दिसत नाही. त्या मांडवात सान्साच्या पाठीमागे उभ्या असलेल्या प्रत्येकाला सिंह दिसतोय, फक्त सान्साला नाही. पटकथेतल्या एका ओळीचं काम इथे टाक्यांनी केलंय. ही पट्टी ज्यांच्या नजरेतून निसटली, त्यांनाही लग्नाचा प्रसंग पूर्ण कळतो. मला या कामाचं सगळ्यात मोठं मोल तिथेच वाटतं.

[दृश्य: काळी, आखूड काठाची टोपी. मागे वाळवंट.]

निवेदन:
खूण लपवायची तर त्या कपड्याला कथेच्या आत एक साधं, निर्दोष कारण लागतं. हे पात्र हाच कपडा का घालेल? याचं सरळ उत्तर असलं, की प्रेक्षक शंका घेत नाही. उत्तर नसलं, की तो कपडा पहिल्याच भागात चुगली करतो.

'ब्रेकिंग बॅड' मधली काळी टोपी घ्या. वॉल्टर व्हाइट हा रसायनशास्त्राचा शिक्षक. कॅन्सरच्या उपचारांच्या काळात तो डोकं भादरतो. भूमिका करणारे ब्रायन क्रॅन्स्टन यांच्या उघड्या डोक्याला थंडी वाजायची, म्हणून त्यांनी टोपी मागितली. इतकंच कारण! वेशभूषाकार कॅथलीन डेटोरो यांनी ती निवडली आणि पुढे त्या टोपीतून वॉल्टरचा दुसरा, अमली पदार्थ बनवणाऱ्या गुन्हेगाराचा अवतार उभा राहिला. टोपी डोक्यावर आली की आता शिक्षक बोलत नाहीये, हे आपल्याला न सांगता कळायला लागलं. २०१५ साली ती टोपी वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहात गेली.

याच मालिकेत रंगांचं काम आणखी सावकाश चालतं. सुरुवातीचा वॉल्टर खाकी, मातकट, फिक्या हिरव्या कपड्यांत असतो. मागच्या भिंतीत विरून जाईल असा. पुढे रंग गडद होत जातात, काळ्याकडे झुकतात. एका भागातून दुसऱ्या भागात जाताना फरक जाणवत नाही. पहिलं आणि शेवटचं पर्व शेजारी ठेवलं, की धक्का बसतो. उलट त्याची मेहुणी मारी जवळजवळ सदैव जांभळ्यात. कपडे जांभळे, घरातल्या वस्तूही जांभळ्या. आसपासचे सगळे बदलत असताना एक बाई एकाच रंगाला घट्ट धरून बसते, यातून तिच्या स्वभावाबद्दल बरंच कळतं.

[दृश्य: कपडेपट. हँगरवर ओळीनं कपडे, प्रत्येकाला चिठ्ठी.]

निवेदन:
हे घडतं कसं? आधी पटकथेची चिरफाड होते. कुठल्या प्रसंगात कोण, कथेतला दिवस कितवा, कपडा मळलाय का, फाटलाय का, याचा तक्ता बनतो. चित्रीकरण कथेच्या क्रमानं होत नाही. नायिकेचा शेवटचा प्रसंग सकाळी आणि पहिली भेट दुपारी, असंही होतं. म्हणून ज्या पात्राचा रंग हळूहळू बदलायचाय, त्याची प्रत्येक पायरी आधी कागदावर ठरवावी लागते. एक सदरा चुकीच्या दिवशी अंगावर गेला, की पर्वभराचा चढ मोडतो.

मग कॅमेरा. टीव्हीवर बराच वेळ चेहराच दिसतो, त्यामुळे खुणेसाठी हक्काची जागा म्हणजे गळा, कॉलर, खांदा आणि कानातलं. पायातल्या बुटांवर केलेली कारागिरी चौकटीबाहेर राहू शकते. बारीक, दाट रेघांचं कापड कॅमेऱ्यासमोर लहरायला लागतं. दुकानात गर्द वाटलेला निळा दिव्यांखाली काळा दिसतो. म्हणून कापडाचे तुकडे आधी कॅमेऱ्यासमोर धरून पाहतात. कलादिग्दर्शकाशीही बोलणं हवंच. भिंत आणि साडी किंवा कोट एकाच रंगाचे झाले तर ते ठरवून झालेले असावेत.

अवघड प्रश्न वेगळाच आहे. शेवट कोणाला माहीत असतो? लांबलचक मालिकेत कधीकधी लेखकांनाही पुढचं पर्व ठाऊक नसतं. अशा वेळी वेशभूषाकार दोन्हीकडे वळू शकेल असं बीज पेरून ठेवतो: एक दागिना, कापडाचा एक पोत, जो पुढे कथेनं उचलला तर खूण ठरेल आणि नाही उचलला तर दागिनाच राहील. हा संयम मला फार मोलाचा वाटतो.

'गेम ऑफ थ्रोन्स' मधल्याच राणी सर्सी लॅनिस्टरच्या झग्यांवर आधी पक्षी होते. तिची सत्ता वाढली तसे सिंह आले. सहाव्या पर्वाच्या शेवटी ती सिंहासनावर बसते तेव्हा अंगावर काळं चामडं असतं, तिच्या वडिलांच्या पोशाखाची आठवण करून देणारं. पक्ष्यांपासून चामड्यापर्यंतची ही वाट सहा वर्षांत चालून झाली.

[दृश्य: लाल, निळा, सोनेरी. तीन सदरे.]

निवेदन:
कधी कोणी न पेरलेली खूणही उगवते. १९६६ साली सुरू झालेल्या 'स्टार ट्रेक' या अंतराळयानावरच्या मालिकेत सदऱ्यांचे रंग कामानुसार होते: सोनेरी अधिकाऱ्यांचा, निळा शास्त्रज्ञांचा, लाल यंत्रविभाग आणि सुरक्षारक्षकांचा. सुरक्षारक्षक धोक्याच्या जागी जाणार, म्हणजे मरणारही तेच. प्रेक्षकांनी हिशेब जुळवला आणि लाल सदरा म्हणजे मरणाची चिठ्ठी, असं ठरून गेलं. नवखा चेहरा लाल सदऱ्यात दिसला, की घराघरांत अंदाज सुरू. रहस्य राखायचं असेल तर ही मोठी अडचण आहे, आणि आज प्रत्येक चौकट थांबवून, मोठी करून पाहता येत असल्यानं ती वाढलीय. एखादा कोट केवळ पैसे वाचवायला पुन्हा वापरला तरी त्यात भाकीत शोधलं जातं.

१९८७ साली 'स्टार ट्रेक'ची पुढची मालिका आली, तेव्हा रंगांची अदलाबदल झाली. लाल आता कप्तानाच्या अंगावर होता आणि सुरक्षारक्षक सोनेरी सदऱ्यात उभे होते.